पत्ता आपला, पेटी भाड्याची

रायपूरच्या गोल बाजारात लग्नाचे मौर, पूजेचं साहित्य, मसाले, जडीबुटी, भांडी, बांगड्या सगळं एका फेरीत मिळतं. मालवीय रोडच्या गर्दीतून आत वळलं की अरुंद गल्ल्या लागतात आणि दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटून बसलेली दुकानं. अशा एखाद्या जुन्या दुकानाचं बिलबुक हातात घेऊन पाहावं. वरच्या दोन ओळी बहुधा आजोबांच्या काळातल्याच असतात: दुकानाचं नाव आणि त्याखाली ‘गोल बाजार, रायपुर’. तिसऱ्या ओळीतला फोन मात्र लँडलाइनचा मोबाइल झालेला असतो. चौथी ओळ ई-मेलची. सगळ्यात जास्त खाडाखोड झालेली असते ती या ओळीत.

त्याचं कारण साधं आहे. वरच्या दोन ओळी दुकानाच्या स्वतःच्या आहेत. चौथी ओळ दुसऱ्याच्या नावावर चालते.

भारतात विदेश संचार निगमनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. त्या काळी ज्याची जोडणी त्याचाच ई-मेल, म्हणून व्यापाऱ्यांच्या कार्डांवर व्हीएसएनएलचे लांबलचक पत्ते छापलेले असत. जोडणी बदलली की पत्ता गेला. पुढे मोफत मेलचा जमाना आला. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचं हॉटमेल 1996 मध्ये निघालं, त्याच वर्षी मुंबईत अजित बाळकृष्णन यांनी रेडिफ सुरू केलं. इंडियाटाइम्सचा ई-मेलही अनेकांच्या लेटरहेडवर होता. ती सेवा 2013 मध्ये बंद झाली आणि ती लेटरहेडं रद्दीत गेली. आता बहुतेकांच्या बिलबुकावर जीमेल आहे. जीमेल उद्या बंद पडेल असं नाही, पण दुकानाच्या नावापुढे दोन-चार आकडे जोडून बनवलेला पत्ता गिऱ्हाइकाला फोनवर सांगताना किती वेळा पुन्हा सांगावा लागतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यायचं आणि त्यावर मेल चालवायचा, हा या चौथ्या ओळीवरचा पक्का इलाज. तो महाग आहे, असा समज मात्र फार पसरलेला आहे.

नाव वेगळं, पेटी वेगळी

गोंधळ बहुतेकदा इथेच होतो. दुकानदार एखाद्या ओळखीच्या मुलाला सांगतो, ‘वेबसाइट आणि ई-मेल करून दे’, मुलगा एक रक्कम सांगतो आणि तीन वेगळ्या गोष्टी एकाच बिलात बसतात: डोमेन, वेबसाइटची जागा आणि मेलची पेटी. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दुकानांतून घेता येतात आणि मेलचं घ्यायचं असेल तर वेबसाइट असण्याचीही गरज नसते.

डोमेन म्हणजे फक्त नाव. ते रजिस्ट्रार कंपनीकडून वर्षाच्या बोलीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी. पेटी म्हणजे जिथे पत्रं येऊन पडतात ती जागा, कुठल्यातरी कंपनीच्या संगणकावर भाड्यानं घेतलेली. या दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे डीएनएस, इंटरनेटची नावनोंद. पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये तिची रचना मांडली. नागपूरच्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्यानं गोल बाजारातल्या दुकानाला मेल धाडला, की त्याच्या बाजूचा संगणक पत्त्यातल्या @ चिन्हानंतरचा भाग उचलतो आणि या नोंदवहीला विचारतो: ‘या नावाचं टपाल कुठे टाकायचं?’ उत्तर एका छोट्याशा ओळीत असतं. तिला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. मेल त्या ओळीत लिहिलेल्या संगणकाकडे जातो. @ हे चिन्ह ई-मेलच्या पत्त्यात आणलं रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये. चिन्हाच्या डावीकडे माणूस, उजवीकडे ठिकाण ही त्यांची मांडणी आजही तशीच आहे.

म्हणजे पेटी बदलायची असेल तर एमएक्सची ती ओळ बदलायची. पत्ता तोच राहतो आणि गिऱ्हाइकाला काही कळतही नाही. गोल बाजारातल्या माणसाला हे समजायला सोपं जावं. रायपूर नगर निगमच्या जागेवर इथले व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या भाड्यानं बसले आहेत आणि त्यांना मालकी हक्क देण्याचा विषय अलीकडच्या वर्षांत बराच चर्चेत राहिला आहे. जागा कुणाच्या नावावर आहे, याला काय मोल असतं ते त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

पत्ता तोच ठेवून पेटी बदलण्याचं मोठं उदाहरण दिल्लीतलं आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मेल पूर्वी एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या स्वतःच्या व्यवस्थेवर चालायची. आता सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांच्या पेट्या चेन्नईच्या झोहो कंपनीच्या व्यवस्थेवर आल्या आहेत, पण ‘जीओव्ही डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ हे पत्ते बदललेले नाहीत. आतली यंत्रणा नवी, दारावरची पाटी तीच. बारा लाख पेट्यांना जे लागू पडतं, तेच गोल बाजारातल्या एका पेटीलाही लागू पडतं.

फुकटाची किंमत

स्वस्त पेटी शोधताना पहिला मोह फुकटाचा होतो आणि त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट 2006 मध्ये गूगलनं स्वतःच्या डोमेनवर जीमेल चालवायची मोफत सोय दिली. जगभर छोट्या दुकानांनी, घरांनी, संस्थांनी ती घेतली. डिसेंबर 2012 मध्ये नव्या लोकांसाठी ती बंद झाली, जुन्यांची मात्र चालू राहिली. मग जानेवारी 2022 मध्ये जुन्यांनाही कळवण्यात आलं की आता पैसे भरा. मोठा गहजब झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीनं घरगुती, बिगर-व्यापारी वापरासाठी मोफत सोय कायम ठेवली. व्यापार करणाऱ्यांना पैसे भरावे लागले किंवा दुसरीकडे जावं लागलं. ज्यांचं डोमेन त्यांच्याच हातात होतं, त्यांना जाणं जमलं; चार-दोन दिवसांची दगदग झाली, पत्ता टिकला.

म्हणून मोफत सोय घेण्यात वावगं काही नाही. ती कायमची धरून चालू नये आणि डोमेन तिच्या ताब्यात देऊ नये, एवढं सांभाळलं की झालं.

आज मोफतचे दोन रस्ते आहेत. पहिला निव्वळ फॉरवर्डिंगचा. क्लाउडफ्लेअरनं 2021 मध्ये अशी मोफत सोय जाहीर केली: दुकानाच्या पत्त्यावर आलेला मेल थेट मालकाच्या जीमेलमध्ये जाऊन पडतो. आलेलं वाचायला हे पुरतं, पण उत्तर त्याच पत्त्यावरून पाठवायला वेगळी सोय करावी लागते. नाहीतर गिऱ्हाइकाला उत्तर जातं ते जुन्याच आकड्यांच्या जीमेलवरून. ज्यांना मेल फक्त येतात, पाठवायचे फारसे नसतात, त्यांच्यासाठी हा रस्ता चांगला.

दुसरा रस्ता झोहोच्या मोफत योजनेचा: एक डोमेन, पाच जणांपर्यंत पेट्या, प्रत्येकाला 5 जीबी जागा. मेल पाहायचा तो त्यांच्या वेबपानावर किंवा त्यांच्याच ॲपमध्ये. आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये तो ओढून घेता येत नाही. पाच जीबी म्हणजे किती? दिवसाला 25 मेल, प्रत्येक सरासरी 200 केबीचा, असं धरलं तर रोजचे 5 एमबी होतात आणि पेटी भरायला साधारण 1000 दिवस लागतात. बिलांचे फोटो जास्त येत असतील तर लवकर भरेल.

साठ रुपयांपासून पुढे

सशुल्क सेवांमध्ये झोहोची सगळ्यात लहान योजना माणशी महिन्याला साठ रुपयांच्या आसपास पडते, पैसे वर्षाचे एकदम. हिशोब मांडू: वर्षाचे 720 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 129 रुपये 60 पैसे, एकूण साडेआठशेच्या घरात. त्यात डोमेनच्या वार्षिक नूतनीकरणाचे हजारेक रुपये मिळवले, तरी एका पेटीचा वर्षाचा खर्च दोन हजारांच्या आत राहतो. भाव बदलत असतात, म्हणून घेण्याच्या दिवशीचा दर पाहावा. हिशोबाची रीत मात्र हीच.

गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट 365 घेतलं तर खर्च या छोट्या योजनेच्या दुपटी-तिपटीनं वाढतो. बदल्यात गूगलच्या सुरुवातीच्या योजनेत माणशी 30 जीबी जागा, कागदपत्रं लिहायची साधनं आणि रोजच्या सवयीचं जीमेल मिळतं. ज्या दुकानात चार-पाच माणसं एकाच हिशोबाच्या शीटवर काम करतात, तिथे हा खर्च वसूल होतो. एकट्या माणसाला बहुधा त्याची गरज नसते.

घरातली सगळी मंडळी आयफोन वापरत असतील तर आणखी एक सोय आहे, तिच्याकडे फार लोकांचं लक्ष जात नाही. ॲपलच्या सशुल्क आयक्लाउडमध्ये 2021 पासून स्वतःचं डोमेन जोडता येतं: पाच डोमेनपर्यंत, प्रत्येक डोमेनवर माणशी तीन पत्ते. पन्नास जीबीची योजना भारतात महिन्याला 75 रुपयांची आहे आणि ती कुटुंबात वाटून घेता येते. फोटो साठवायला ती आधीच घेतली असेल तर मेलचा वेगळा खर्चच नाही.

परदेशातल्या काही छोट्या कंपन्यांची रीत निराळी आहे. स्वित्झर्लंडची मिगाडू पेट्यांच्या संख्येवर पैसे घेत नाही, मेलच्या येण्याजाण्यावर घेते. तिची सगळ्यात लहान योजना वर्षाला 19 डॉलरची आणि तीत दिवसाला वीसच मेल पाठवता येतात. प्युअरलीमेल वर्षाला 10 डॉलर घेते. पेट्या दहा-बारा आणि वापर थोडा, असं असेल तर हे फार स्वस्त पडतं. पण पैसे भरताना भारतीय माणसानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झाले, तेव्हापासून परदेशी कंपनीला कार्डातून दर वर्षी आपोआप जाणारे पैसे अडकू शकतात. ज्याला तारखा लक्षात ठेवणं जमत नाही, त्यानं रुपयांत आणि यूपीआयनं पैसे घेणारी सेवा पाहावी. अशा सेवा मुंबईतूनही चालतात: रेडिफची व्यवसायांसाठीची मेल आहे आणि भाविन तुराखिया यांनी उभी केलेली टायटन आहे. टायटनमध्ये 2021 साली वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीनं 3 कोटी डॉलर गुंतवले.

वेबसाइटच्या जागेबरोबर ‘मोफत मिळणारी’ मेल ही सगळ्यात जास्त विकली जाणारी आणि सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट. तिथे शेकडो ग्राहक एकाच संगणकावर, एकाच आयपी पत्त्यामागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच क्रमांकामागे, बसलेले असतात. त्यातल्या एकानं हजारो फालतू मेल सोडले की तो आयपी स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या काळ्या यादीत जातो आणि बाकीच्या सगळ्यांची कोटेशनंही समोरच्याच्या स्पॅममध्ये पडू लागतात. शिवाय वेबसाइटचं भाडं थकलं की मेलही बंद.

खर्च वाचवायचा एक साधा उपाय जवळजवळ सगळीकडे चालतो. ‘ऑर्डर’, ‘हिशोब’, ‘संपर्क’ अशा तीन पत्त्यांसाठी तीन पेट्या विकत घ्याव्या लागत नाहीत. एका पेटीला ही जास्तीची नावं जोडता येतात. त्यांना एलियास म्हणतात आणि त्यांचे पैसे सहसा पडत नाहीत. पाट्या तीन, पेटी एक.

मोहर आणि सही

पेटी घेतली, एमएक्सची ओळ भरली, मेल येऊ लागला. इथे बरेच जण थांबतात आणि मग पाठवलेला मेल पोचत नाही म्हणून सेवेला दोष देतात. डीएनएसमध्ये आणखी तीन ओळी भरायच्या राहिलेल्या असतात.

पहिली एसपीएफ. आमच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार कोणत्या कंपनीला आहे, हे ती सांगते. दुसरी डीकेआयएम: पाठवणारी सेवा प्रत्येक मेलवर एक गुप्त मोहर उमटवते आणि ती खरी की खोटी हे तपासायची किल्ली या ओळीत सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली असते. तिसरी डीमार्क. मेल या तपासण्यांत नापास झाला तर तो घ्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की परतवायचा, हे डोमेनच्या मालकानं लिहून ठेवायची ती जागा. गूगल आणि याहूनं फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. छोट्या दुकानाला दिवसाला पाच हजार मेल पाठवायचे नसतात, तरी या ओळी नसलेल्या पत्त्याकडे आता संशयानंच पाहिलं जातं.

दोन चुका वारंवार होतात. सेवा बदलताना जुनी एसपीएफ ओळ तशीच ठेवून नवी तिच्याखाली चिकटवली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन झाल्या की तपासणीच कोलमडते, म्हणून दोन्ही कंपन्यांची नावं एका ओळीत लिहायची. तसंच जुना एमएक्स पुसायचा राहतो. मग काही मेल नव्या पेटीत तर काही जुन्या पेटीत जातात आणि ‘तुमचं उत्तर आलं नाही’ म्हणून गिऱ्हाईक रागावतं. पेटी बदलताना जुनी दोन-तीन आठवडे चालू ठेवावी, त्यातली पत्रं नव्या पेटीत उतरवून घ्यावीत आणि मगच तिचे पैसे थांबवावेत.

नाव कुणाच्या हातात?

पेटी बदलता येते. नाव गेलं तर परत मिळेलच असं नाही. म्हणून खरी काळजी डोमेनची. गल्लीतल्या कुणा डिझायनरनं डोमेन घेऊन दिलं असेल तर ते कुणाच्या खात्यात आणि कुणाच्या नावावर आहे, हे आजच पाहावं. खातं मालकाचं हवं, त्यावर दुहेरी पडताळणी हवी आणि खात्यात दिलेला ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली की त्यावरची मेल बंद पडते. नूतनीकरणाची सूचना त्याच बंद पेटीकडे गेली तर मालकाला कळणारच नाही.

डॉट कॉमसारख्या नावांना मुदत संपल्यावर आणखी काही आठवड्यांची सवलत मिळते. त्यानंतरच्या सुटकेच्या 30 दिवसांत जबर दंड भरून नाव सोडवता येतं आणि मग ते बाजारात खुलं होतं. ते दुसऱ्यानं घेतलं तर जुन्या पत्त्यावर येणारं सगळं त्याच्या पेटीत पडू लागतं. जीएसटीच्या पोर्टलचा ओटीपी मोबाइलबरोबर ई-मेलवरही येतो, बँकेची विवरणं ई-मेलवर येतात, हे लक्षात घेतलं की धोका किती मोठा आहे ते दिसतं. पहिल्या वर्षाच्या शंभर-दोनशे रुपयांच्या जाहिरातीला भुलू नये. दुसऱ्या वर्षापासूनचा दर विचारावा आणि जमलं तर तीन किंवा पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाकावेत.

घरासाठी हाच विचार आणखी गोड होतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरं आहेत. रायपुरात तात्यापारा आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. अशा घरातली एक मुलगी पुण्यात, एक मुलगा कॅनडात, आजी-आजोबा रायपुरात. आडनावाचं एक डोमेन घेतलं तर पाच जणांना पाच पत्ते मिळतात. नोकरी बदलली, देश बदलला, तरी पत्ता घरचाच.

ते नाव देवनागरीतही घेता येतं. ‘डॉट भारत’ 27 ऑगस्ट 2014 रोजी देवनागरीत सुरू झालं आणि त्यात मराठीही आहे. जुन्या यंत्रणांना देवनागरी कळत नाही, म्हणून पडद्यामागे प्रत्येक नावाचं रोमन रूप वापरलं जातं. ‘भारत’चं रूप ‘एक्सएन--एच2बीआरजे9सी’ असं होतं. संपूर्ण देवनागरी ई-मेल पत्त्याचं तांत्रिक मानक 2012 मध्ये ठरलं आणि जयपूरच्या डेटामेलनं 2016 मध्ये हिंदी पत्ते देऊनही दाखवले. तरी कित्येक फॉर्म आणि मेलच्या यंत्रणा असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत. म्हणून सध्या ‘डॉट इन’वर मेल चालवावा आणि जोडीला ‘डॉट भारत’मधलं नाव राखून ठेवावं.

आता पुन्हा बिलबुकाकडे. मालकाच्या स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतलं, पाच वर्षांचे पैसे भरले. पेटी घेतली, एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क भरले. मग दुकानातूनच एक मेल मुलाच्या जीमेलवर आणि एक हिशोबनीसाच्या आउटलुकवर पाठवला. जीमेलमध्ये ‘मूळ संदेश दाखवा’ उघडलं आणि तिन्ही तपासण्यांपुढे ‘पास’ दिसलं. नागपूरच्या व्यापाऱ्याला फोन करून त्याच्याकडूनही एक मेल मागवला; तो नव्या पेटीत आला. एवढं झाल्यावर छापखान्याला फोन करायचा आणि पुढच्या शंभर बिलबुकांच्या चौथ्या ओळीत नवा पत्ता टाकायला सांगायचा.